डॉ. ह्यू यंग आणि प्रोस्टेटचा कॅन्सर

डॉ. ह्यू हॅम्प्टन यंग यांचा जन्म १८७० चा, अमेरिकेतील टेक्सासमधला. पदवीनंतर ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. १८९७ मध्ये विख्यात सर्जन हाल्स्टेड यांनी मूत्रविकारांचा विभाग त्यांच्यावर सोपवला. त्या विषयाचा यंग यांचा तेव्हा फारसा अभ्यासही नव्हता. पुढे तोच त्यांचा जन्माचा विषय झाला.

प्रोस्टेट ही पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या खाली असणारी ग्रंथी. तिचा कॅन्सर त्या काळी बहुधा पसरल्यावरच कळत असे. ७ एप्रिल १९०४ रोजी यंग यांनी कॅन्सरसह संपूर्ण ग्रंथी काढून टाकली. मदतीला खुद्द हाल्स्टेड होते. रोग ग्रंथीपुरताच असेल तर तो मुळासकट काढता येईल, ही आशा त्यातून निर्माण झाली. मात्र लघवीवरचा ताबा जाणे आणि लैंगिक दुर्बलता ही त्याची किंमत होती. यंग यांनी रेडियमचे उपचारही करून पाहिले. १९१५ मध्ये एका धनाढ्य रुग्णाच्या देणगीतून ब्रॅडी संस्था उभी राहिली, १९१७ मध्ये त्यांनी युरॉलॉजीचे नियतकालिक सुरू केले. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९८२ मध्ये त्याच संस्थेत डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी नसा वाचवणारी शस्त्रक्रिया केली. त्रास कमी झाला, पण संपला नाही.

मग प्रत्येकावर शस्त्रक्रिया हवीच का? ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट करण्यात आले: शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नियमित तपासणीखाली देखरेख. १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत या कॅन्सरने मृत्यू आलेले सुमारे ३ टक्केच होते. देखरेखीच्या गटात रोग दूरवर पसरण्याचे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर उपचार घेतलेल्या दोन्ही गटांत सुमारे ५ टक्के होते. देखरेखीतील निम्म्याहून अधिक जणांना पुढे उपचार घ्यावेच लागले. उलट, लघवी गळण्याचा त्रास शस्त्रक्रियेनंतर सर्वांत जास्त होता, तर रेडिएशननंतर काहींना शौचाच्या तक्रारी राहिल्या.

हे आकडे सौम्य ते मध्यम जोखमीच्या रोगाचे आहेत. आक्रमक कॅन्सरला ते जसेच्या तसे लागू करू नयेत. निदान झाले की घाबरून त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख घेऊ नका. बायोप्सीतील श्रेणी, पीएसए, वय आणि इतर आजार पाहून तिन्ही मार्गांचे फायदे-तोटे डॉक्टरांना विचारा. देखरेख निवडली, तर मात्र तपासणीची एकही तारीख चुकवू नका.