विश्लेषण : ‘ससून’ हे नाव आले कुठून? एका ज्यू कुटुंबाच्या दानाची गोष्ट

पुण्याचे ससून रुग्णालय, मुंबईचा ससून डॉक. ही नावे जळगाव-धुळ्यातही सर्वांना ठाऊक आहेत. पण हे ससून कोण होते आणि त्यांच्या पैशाचा खान्देशच्या कापसाशी काय संबंध, हे समजून घेऊ.

डेव्हिड ससून कोण होते?

त्यांचा जन्म १७९२ मध्ये बगदादमधील ज्यू घराण्यात झाला. वडील तेथील पाशांचे खजिनदार होते. दाऊद पाशाच्या काळात छळ वाढल्याने कुटुंबाला बगदाद सोडावे लागले. इराणमधील बुशहरमार्गे १८३२ च्या सुमारास ते मुंबईत आले.

पैसा कशातून आला?

कापूस, कापड आणि अफू. चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापारात या पेढीचा मोठा वाटा होता. व्यसनाने तिथे लाखो संसार उद्ध्वस्त झाले. ससून यांचे दान सांगताना ही बाजू झाकता येत नाही.

खान्देशचा संबंध काय?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडला पोहोचेना, म्हणून हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. खान्देशचा कापूसही मुंबईच्या बाजारातूनच परदेशी जात होता. या तेजीत मुंबईच्या ज्या पेढ्या मोठ्या झाल्या, त्यांत ससून यांची पेढी होती.

दान कुणाला?

दानधर्म हे ज्यू धर्मात कर्तव्य मानले जाते. स्वतःच्या समाजासाठी ससून यांनी मुंबईत भायखळ्याला आणि पुण्यात सिनेगॉग उभारले. पुण्याचे ते ‘लाल देऊळ’. त्याच वेळी सर्वांसाठी पुण्यातील रुग्णालयाला मोठी देणगी दिली, तर मुंबईतील वाचनालयासाठी ६० हजार रुपये. १८६४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. रुग्णालय आणि लाल देऊळ १८६७ मध्ये पूर्ण झाले. दोन्ही पाहायला ते नव्हते. लाल देवळाच्या आवारातच त्यांची समाधी आहे.

पुढच्या पिढ्यांनी काय केले?

मुलगा अल्बर्ट यांनी १८७५ मध्ये ससून डॉक बांधला. तो मात्र व्यापारासाठी. नातू जेकब यांनी १८८४ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ मुंबईतील फोर्ट भागात सिनेगॉग उभारले. ज्यू मुलांसाठी शाळा काढली आणि विश्वस्त निधी ठेवले.

असे निधी टिकतात कसे?

मुद्दल सहसा मोडायचे नाही, उत्पन्नातून खर्च भागवायचा, हे साधे सूत्र. कारभार विश्वस्तांकडे असतो आणि राज्यात त्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. त्यामुळे घराणे देश सोडून गेले तरी काम थांबत नाही.

आज काय स्थिती?

बहुतांश ज्यू कुटुंबे इस्रायल व इतर देशांत गेली. भायखळ्याच्या जेकब ससून शाळेत आता बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. एका समाजासाठी ठेवलेला पैसा शेजाऱ्यांच्या मुलांच्या कामी आला.

खान्देशात याच वाटेचे उदाहरण अमळनेरचे. गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या दानातून तेथे १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर आणि १९४५ मध्ये प्रताप महाविद्यालय उभे राहिले. कापसाचा पैसा इथे गावाच्या शिक्षणाला लागला.