डिझेल नावाचा माणूस

जुन्या मोटारींच्या बाजारात तुम्ही कधी गेला आहात का? तिथे एखादे गृहस्थ एका उंच, दणकट, परदेशी बनावटीच्या मोटारीभोवती फिरताना दिसतात. नवी असताना ही गाडी त्यांच्या आवाक्याबाहेर होती. आता सात-आठ वर्षांनी तीच गाडी अर्ध्याहून कमी किमतीत मिळत असते. शेजारी तशीच दुसरी गाडी उभी असते. रंग तोच, बैठकाही तशाच मऊ. फरक एवढाच, की एक पेट्रोलवर चालते आणि दुसरी डिझेलवर. कोणती घ्यावी, असे ते मेकॅनिकला विचारतात. मेकॅनिक जाणता असेल तर तो लगेच उत्तर देत नाही. उलट तोच विचारतो, की साहेब, तुम्ही रोज किती फिरता?

हा प्रश्न तो का विचारतो, हे समजण्यासाठी आपल्याला बरेच मागे जावे लागेल. पेट्रोल हे एका पदार्थाचे नाव आहे. डिझेल हे मात्र मुळात एका माणसाचे नाव आहे.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस शहरात झाला. त्याचे आईवडील जर्मन होते. वडील कातडी वस्तू बनवणारे कारागीर होते. घरची परिस्थिती बेताचीच होती. पॅरिसमध्ये जुन्या यंत्रांचे एक मोठे संग्रहालय आहे. छोटा रुडॉल्फ तिथे जाई आणि यंत्रांची चित्रे काढत बसे.

१८७० साली फ्रान्स आणि जर्मन राज्ये यांच्यात युद्ध पेटले. पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे पोटाचीही पंचाईत होऊ लागली, तेव्हा वडिलांनी बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत आउग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे पाठवून दिले. तो एकटाच गेला. ज्या घरी तो राहिला, तिथले काका गणिताचे शिक्षक होते. तुमच्यापैकी जे शिक्षणासाठी मामाकडे किंवा खालाकडे राहतात, त्यांना त्या मुलाचे मन कळेल.

रुडॉल्फ अभ्यासात हुशार निघाला. शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या तंत्रशिक्षण विद्यालयात दाखल झाला. तिथे कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक होते. बर्फ बनवण्याच्या यंत्रासाठी ते जगभर ओळखले जातात. एकदा वर्गात त्यांनी सांगितले, की वाफेचे यंत्र कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामाला लावते. बाकीची सारी उष्णता वाया जाते. शंभर रुपयांचा कोळसा जाळायचा आणि काम मिळवायचे दहा रुपयांचे! ही गोष्ट रुडॉल्फच्या मनाला लागली आणि पुढे ती कधीच त्याच्या मनातून गेली नाही. ऐन परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला. पण १८८० साली तो उत्तम गुणांनी पास झाला आणि लिंडे यांच्याच बर्फाच्या कारखान्यात पॅरिसला नोकरीस लागला. दिवसा बर्फाची यंत्रे आणि रात्री स्वतःच्या इंजिनाचा विचार, असा त्याचा क्रम सुरू झाला.

आता त्याची युक्ती नीट समजून घ्या. सायकलच्या चाकात पंपाने जोरजोराने हवा भरली, की पंप खालच्या बाजूने गरम होतो. हवा दाबली की ती तापते. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र दाबून तिला विजेच्या ठिणगीने पेटवतात. डिझेलने ठिणगीच काढून टाकली. त्याने ठरवले, की केवळ हवा घ्यायची, ती भयंकर दाबायची आणि ती पाचशे अंशांहून अधिक तापली, की तीत थोडे थोडे तेल सोडायचे. तेल आपोआप पेट घेईल. जितका दाब जास्त, तितकी उष्णता कमी वाया जाईल.

१८९३ साली त्याला या कल्पनेचे पेटंट मिळाले. पण कागदावर काढलेले यंत्र चालवून दाखवायचे होते. आउग्सबुर्गच्या एका कारखान्याने त्याला जागा आणि माणसे दिली. त्याच वर्षी १० ऑगस्टला पहिली चाचणी झाली. तेल पेटले खरे, पण दाब इतका वाढला, की मोजण्याचे उपकरणच फुटले. डिझेल थोडक्यात वाचला. दुसरा कोणी असता तर घाबरून गेला असता. हा मात्र खूश झाला, कारण तेल ठिणगीशिवाय पेटले होते! १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर फिरले, तेही फक्त मिनिटभर. त्या मिनिटानंतर आणखी तीन वर्षे दुरुस्तीत गेली. १८९७ साली प्राध्यापकांनी अधिकृत मोजणी केली. या इंजिनाने शंभरातली सुमारे सव्वीस भाग उष्णता कामाला लावली होती.

मेकॅनिकच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. इतका दाब सोसायचा, तर इंजिन जाडजूड आणि मजबूत हवे. म्हणून ते महाग पडते, जड असते आणि आवाजही जास्त करते. पण तेच इंजिन थोड्या तेलात अवजड गाडी चढावर ओढून नेते. जो माणूस महिन्याला हजारो किलोमीटर महामार्गावर फिरतो, त्याची वाचलेल्या तेलातून भरपाई होते. जो मुलांना शाळेत सोडतो आणि बाजार करून परततो, त्याची होत नाही. शिवाय नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. गाडी लांब पळाली, तरच ती तापून साफ होते. गल्लीतल्या गल्लीत फिरली, तर ती तुंबते आणि मोठ्या गाडीची दुरुस्ती खिसा रिकामा करते. आपल्याकडे डिझेल पूर्वी खूप स्वस्त होते. २०१४ साली सरकारने त्याच्या दरावरचे नियंत्रण काढले. आणि हा धूरही विसरून चालणार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात मोठ्या डिझेल मोटारींची नोंदणी काही महिने थांबवली होती.

डिझेलकडे परत येऊ. त्याला कीर्ती मिळाली आणि पैसाही मिळाला. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले गेले. त्याची खरी इच्छा मात्र वेगळी होती. मोठ्या गिरण्यांपुढे टिकाव न लागणाऱ्या लहान कारागिराच्या हाती स्वस्त शक्ती यावी, असे त्याला वाटे. कारागिराच्या घरातच तो वाढला होता ना! पण त्याच्या हयातीत त्याचे इंजिन गेले ते कारखान्यांत आणि जहाजांत. आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ पुढे, किर्लोस्करांच्या खडकीच्या कारखान्यातली डिझेल इंजिने शेतकऱ्यांच्या विहिरींवर धडधडू लागली, तेव्हा लहान माणसाच्या हाती ती आली.

पैशाच्या बाबतीत हा हुशार माणूस कच्चा होता. त्याने म्युनिकमध्ये महालासारखे घर बांधले. जमिनीच्या व्यवहारांत तो बुडाला. पेटंटचे खटले चालूच होते. अति कामाने प्रकृती ढासळली होती. इंजिनातला थेंबभर तेलाचा अपव्यय ज्याला सहन होत नव्हता, त्याला स्वतःचा पैसा कुठे गळतो आहे हे दिसले नाही. याचे मला फार नवल वाटते.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. तिथे त्याच्या इंजिनांचा नवा कारखाना उभा राहायचा होता. सोबत्यांबरोबर त्याने जेवण केले. सकाळी सव्वासहाला उठवा, असे सांगून तो रात्री दहाच्या सुमारास खोलीत गेला. सकाळी पाहतात तो बिछाना तसाच! त्याची टोपी आणि ओव्हरकोट डेकवर कठड्यापाशी नीट ठेवलेले होते. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पाण्यात सोडून दिला. चष्म्याचे घर, पाकीट, चाकू अशा त्या वस्तू होत्या. त्या वडिलांच्याच आहेत, हे धाकट्या मुलाने ओळखले. निघण्यापूर्वी डिझेलने पत्नीजवळ एक पिशवी दिली होती आणि ती आठवड्याने उघडायला सांगितली होती. तीत काही रोख रक्कम आणि बँकेत काहीच शिल्लक नसल्याचे कागद निघाले. त्याने स्वतःच जीव दिला असे बहुतेक लोक मानतात, तर काहींना घातपाताचा संशय येतो.

त्याचे इंजिन रस्त्यावर धावताना त्याने पाहिले नाही. तेव्हा ते मोटारीत बसवण्याइतके हलके झालेच नव्हते. १९२४ च्या सुमारास जर्मनीत डिझेलवर चालणारे मालट्रक आले. १९३६ साली मर्सिडीझ-बेंझची डिझेल मोटार विक्रीस आली. ती आवाज करी आणि सावकाश पळे. तरी जर्मनीतल्या टॅक्सीवाल्यांनी ती उत्साहाने घेतली, कारण त्यांना दिवसभर फिरायचे असे.