र. धों. कर्वे : आडपडद्याविना लिहिणाऱ्या गद्यकाराचे चरित्र

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव मराठीच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. परंतु ते सहसा येते समाजसुधारकांच्या यादीत, आणि तेही बहुधा महर्षी कर्वे यांचे चिरंजीव म्हणून. संततिनियमनाचा पुरस्कार करणारा, खटल्यांना तोंड देणारा, एकाकी पडलेला एक हट्टी माणूस अशी त्यांची प्रतिमा रूढ झाली आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. सव्वीस वर्षे दरमहा मराठी गद्य लिहिणाऱ्या या माणसाने भाषेच्या दृष्टीने काय केले, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनी क्वचितच विचारला. प्रस्तुत लेखकाच्या मते कर्व्यांच्या चरित्राचा गाभा त्याच प्रश्नात आहे. स्त्रीपुरुषांच्या कामजीवनाविषयी प्रौढ माणसाने प्रौढ माणसाशी पुराव्याच्या आधारे आणि लाज न बाळगता बोलावे, अशी मराठी त्यांनी घडवली. आणि न्यायालयात आरोपी म्हणून प्रत्यक्षात उभी राहिली ती हीच मराठी होती.

कर्व्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरूड येथे झाला. १८९१ मध्ये त्यांच्या मातोश्री राधाबाई बाळंतपणात वारल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचे होते. चरित्रकाराने अशा घटनेवरून मोठी अनुमाने काढू नयेत हे खरे. तरीही गर्भधारणा ही स्त्रीच्या जिवाशी निगडित गोष्ट आहे, हे पुढे ज्याने आयुष्यभर सांगितले त्याला ते प्रथम स्वतःच्या घरात कळले होते, एवढी नोंद करणे भाग आहे. १८९३ मध्ये वडिलांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला आणि त्यासाठी सामाजिक बहिष्कार सोसला. लोकनिंदा सोसून घर चालते, हा धडा मुलाने वडिलांकडूनच घेतला असावा. पुढे वडिलांच्या कार्याची कक्षा ओलांडून तो जिथे गेला, तिथे मात्र वडीलही त्याच्यासोबत नव्हते.

१८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी गणिताच्या अध्यापनाचा व्यवसाय पत्करला. गणिताच्याच उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. तेथील वास्तव्याचा परिणाम त्यांच्या पुढील लेखनावर सतत जाणवतो. फ्रेंच भाषा अवगत झाल्यामुळे इंग्रजीच्या पलीकडचे युरोपीय लैंगिक शास्त्र त्यांना मुळातून वाचता आले. एरवी त्या काळातील मराठी सुधारक इंग्रजी ग्रंथांवर आणि म्हणून इंग्रजी संकोचावरही विसंबून असत. परत आल्यावर ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातील असे पहिले केंद्र म्हणून त्याचा उल्लेख होतो. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. मिशनऱ्यांच्या महाविद्यालयाला आपल्या प्राध्यापकाचा हा उद्योग मानवणे शक्य नव्हते. विचार आणि नोकरी यांपैकी एक निवडण्याची वेळ आली तेव्हा कर्व्यांनी नोकरी सोडली.

याच काळात, १९२३ मध्ये, त्यांचे संततिनियमनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि पुढे 'आधुनिक कामशास्त्र' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ आला. या ग्रंथनामातील 'आधुनिक' हा शब्द सहेतुक आहे. कामशास्त्र हा शब्द परंपरेचा. त्याला हे विशेषण जोडून त्यांनी वात्स्यायनाचा अधिकार नाकारला आणि शरीरशास्त्राचा स्वीकारला.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. लेखन, संपादन, मुद्रितांची तपासणी, वर्गणीदारांचे हिशोब आणि अंक टपालात टाकणे ही सर्व कामे बव्हंशी एकटे कर्वेच करीत. मासिकाचे विषय पाहिले तर त्या काळात ते कोणी छापले याचे आजही नवल वाटते: गर्भनिरोधाची साधने, उपदंश आणि परमा, हस्तमैथुन, समलिंगी संबंध, वेश्याव्यवसाय, नग्नतेचा पुरस्कार, विवाहसंस्थेची चिकित्सा, आणि स्त्रीला कामसुखाचा पुरुषाइतकाच हक्क आहे हा सिद्धांत. हा शेवटचा मुद्दा त्यांना इतर संततिनियमनवाद्यांपासून वेगळा काढतो. अनेकांना कुटुंब लहान हवे होते. कर्व्यांना त्याखेरीज सुखही हवे होते, आणि ते स्त्रीच्या वाट्याला भीतीविना यावे असे वाटत होते. संततिनियमनाला अनुकूल असलेले पुष्कळ लोक येथपर्यंत त्यांच्याबरोबर येत आणि येथून मागे फिरत. ब्रह्मचर्य हेच संततिनियमनाचे साधन मानणाऱ्या गांधीजींच्या भूमिकेवर तर कर्व्यांनी सातत्याने टीका केली.

आता भाषेकडे वळू. कर्व्यांच्या आधी मराठीत या विषयावर बोलण्याच्या वाटा नव्हत्या असे नाही. लावणीत शृंगार मोकळेपणाने येत होता, पण तो उपभोगाच्या आणि नटव्या सूचकतेच्या भाषेत. वैद्यकाचे ग्रंथ अवयवांची नावे घेत, पण ती संस्कृतात, म्हणजे सामान्य स्त्रीला न कळणाऱ्या शब्दांत. उरलेली तिसरी वाट शिवीगाळीची. तीत सगळे शब्द होते, फक्त ते घरात उच्चारण्याजोगे नव्हते. एकोणिसाव्या शतकातील शिक्षित मध्यमवर्गाने इंग्रजी नीतिकल्पनांचा संस्कार घेतल्यावर पहिली वाट ग्राम्य ठरली, दुसरी पंडितांपुरती राहिली, आणि शिष्टसंमत मराठीत शरीराच्या मधल्या भागाला नावच उरले नाही. कर्व्यांनी या तिन्ही वाटा टाळल्या. त्यांचे वाक्य आखूड असते. ते आधी विधान मांडतात, मग पुरावा, मग आक्षेपाचा विचार, आणि निष्कर्षाला कसलेही अलंकरण देत नाहीत. भूमितीतील प्रमेयाची ही शिस्त आहे. विशेषणे कमी आणि उपरोध भरपूर. पण तो उपरोध शरीरावर नसून शरीराची लाज बाळगणाऱ्या विचारसरणीवर असतो. संस्कृत पारिभाषिक शब्द ते वापरतात, मात्र तो शब्द झाकण म्हणून न ठेवता त्याचा अर्थ लगेच उलगडून दाखवतात.

मासिकातील 'शारदेची पत्रे' हे सदर या दृष्टीने कुतूहलाचे आहे. ते कर्वे स्वतःच लिहीत. स्त्रीच्या नावाने पुरुषाने स्त्रीमुक्तीचा विचार मांडावा, यात सोय होती आणि अडचणही होती. मराठी वाचकाला स्त्रीच्या तोंडून या गोष्टी ऐकण्याची सवय लागावी हा हेतू समजण्यासारखा आहे. तथापि त्या आवाजात खऱ्या स्त्रीच्या अनुभवाची गाठ क्वचितच लागते. युक्तिवाद शारदेचा असला तरी त्याची पद्धत गणिताच्या प्राध्यापकाचीच राहते. मुखपृष्ठांविषयीही असेच म्हणावे लागते. नग्नतेत अश्लील काही नाही हे दाखवण्यासाठी मुखपृष्ठावर नग्न आकृती छापायच्या, आणि त्या मात्र स्त्रीच्याच, या निवडीचे समर्थन त्यांच्या स्वतःच्या समतेच्या निकषावर टिकणारे नाही.

मासिकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरे दिली जात. त्या काळच्या वृत्तपत्रांत धातुपौष्टिक औषधांच्या जाहिराती बिनदिक्कत छापल्या जात असत. वीर्यनाशाने शरीर खंगते ही भीती आधी पसरवायची आणि मग तिच्यावरचा उतारा विकायचा, असा तो व्यापार होता. कर्व्यांनी हस्तमैथुनाने अशी हानी होत नाही असे साध्या शब्दांत सांगितले. ही भीती किती खोल होती याची कल्पना यावी म्हणून एक नंतरची गोष्ट सांगतो: मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिच्यापोटी होणाऱ्या लक्षणसमूहाला धातू सिंड्रोम असे नाव दिले, आणि आजही असे रुग्ण दवाखान्यांत येतात.

पहिला खटला १९३१ चा. निमित्त होते व्यभिचारावरील एका लेखाचे. शंभर रुपये दंड झाला आणि उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले. दुसरा १९३४ चा, आणि तो आपल्या विषयाला अधिक लागू पडतो, कारण या वेळी हरकत होती वाचकांना दिलेल्या उत्तरांवर. ती उत्तरे हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीची होती. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरील लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, आणि लोक शंका विचारत असतील तर जाणकाराने उत्तर देणे हे त्याचे कर्तव्यच आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. निकाल विरुद्ध गेला. दोनशे रुपये दंड झाला.

या निकालामागील कसोटी समजून घेतली पाहिजे. अश्लीलतेबाबत भारतातील न्यायालये तेव्हा १८६८ च्या हिकलिन खटल्यातील इंग्रजी निकष मानीत. लेखन ज्यांच्या हाती पडण्याचा संभव आहे आणि ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत, त्यांना ते बिघडवील काय, असे तो निकष विचारतो. म्हणजे तोच मजकूर महागड्या इंग्रजी वैद्यकग्रंथात असता तर बहुधा कोणी विचारले नसते. स्वस्त मराठी मासिकात, कोणालाही कळेल अशा भाषेत आल्याने तो दोषी ठरला. सुबोधता हाच अपराध होता. मर्ढेकरांच्या कवितांवर किंवा चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' कथेवर पुढे खटले झाले तेव्हा कलेचा बचाव उपलब्ध होता, आणि 'श्यामा'च्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये लेखकाला निर्दोष सोडले. आपण कला निर्माण करतो असा कर्व्यांचा दावाच नव्हता. वाङ्मयीन प्रतिष्ठेचे छत्र नसलेल्या गद्याला कोण वाचवणार? हिकलिनचा निकष सर्वोच्च न्यायालयाने सोडला तो २०१४ मध्ये. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे कलम आणि प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना शिक्षा देणारी तरतूद ही दोन्ही २०१८ च्या सप्टेंबर महिन्यात रद्दबातल झाली. कर्व्यांना ज्या दोन विषयांसाठी दंड झाला त्यांचा कायदा बदलायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

या खटल्याचा एक धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रचार आणि त्याची साधने सरकारने जनतेला पुरवावीत असा ठराव मांडला गेला. भाषण आंबेडकरांनी तयार केले होते; त्यांच्या अनुपस्थितीत ते मांडले स्वतंत्र मजूर पक्षाचे अहमदनगर जिल्ह्यातील सभासद प्रभाकर जनार्दन रोहम यांनी. ठराव नापास झाला. गिरगावात एका ब्राह्मण प्राध्यापकाने सुरू केलेला विचार चार वर्षांत न्यायालयातून विधानसभेत आणि मध्यमवर्गातून श्रमिकांच्या राजकारणात पोचला, ही घटना मात्र नोंदवण्याजोगी आहे. सोनईसारख्या ठिकाणच्या पदव्युत्तर वर्गात कर्वे शिकवायला घेतले की विद्यार्थी प्रथम मान खाली घालतात, हा अनुभव अनेक अध्यापकांना असेल. परंतु येथे हा विषय केवळ संकोचाचा नाही. १ जानेवारी २०१३ रोजी याच परिसरात एका प्रेमसंबंधाच्या कारणावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. स्त्रीच्या शरीरावर आणि इच्छेवर कुळाची व जातीची मालकी असते, या समजुतीशीच कर्वे झगडत होते. त्यांचा व्यभिचारावरील लेख या गावात बसून वाचताना जुना वाटत नाही.

त्यांच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. वंशसुधारणेच्या तत्कालीन युरोपीय कल्पनांचा त्यांच्यावर प्रभाव होता, आणि दुर्बलांनी प्रजोत्पादन करू नये या विचारातील धोका त्यांना पुरेसा जाणवला नाही. त्या काळचे वैद्यक त्यांनी शेवटचा शब्द म्हणून स्वीकारलेल्या जागाही सापडतात. पण पुरावा बदलला की मत बदलावे, ही त्यांचीच शिकवण असल्याने त्यांना तपासण्याचे साधन त्यांच्याच लेखनातून मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने एकविसाव्या शतकाच्या आरंभी लैंगिक आरोग्याची जी कार्यकारी व्याख्या स्वीकारली, तीत रोगाच्या अभावाबरोबर सुखद आणि सक्तीविरहित अनुभवाचाही समावेश आहे. कर्व्यांचा वाचक तिच्याने चकित होणार नाही. याउलट महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली, तीही त्याला ओळखीचीच वाटली असती.

या संसाराचा भार वाहिला मालतीबाईंनी. त्यांनी व रघुनाथरावांनी अपत्य होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता आणि त्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली ती पतीने. नसबंदी पुरुषाची, ही गोष्ट आजच्या आकडेवारीतही अपवादच आहे. नोकरी गेल्यावर मालतीबाईंच्या मिळकतीवर घर आणि काही अंशी मासिकही चालले. सहकारी फार थोडे लाभले. त्यांत रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतला परांजपे या प्रमुख. १९३८ पासून त्यांनी पुण्यात हे काम वीस वर्षे केले आणि पुढे विधान परिषदेत व राज्यसभेतही गेल्या.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम अधिकृतपणे हाती घेतला. त्या कार्यक्रमाच्या भाषेत लोकसंख्या होती, सुख नव्हते. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे वारले. वडील त्यांच्यानंतर नऊ वर्षे जगले. 'समाजस्वास्थ्य'चा नोव्हेंबर १९५३ चा अंक संपादकाच्या मृत्यूनंतर वर्गणीदारांच्या हाती पडला. डिसेंबरचा निघाला नाही.