पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री : 'दर्पण'कार आणि गणिताचे शिक्षक

दरवर्षी ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो. १८३२ साली याच तारखेला 'दर्पण' हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र मुंबईत निघालं. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याच सिंधुदुर्गचे, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ले गावचे. पत्रकार म्हणून त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते गणिताचे शिक्षक होते, हे आपल्या मुलांना फारसं कुणी सांगत नाही.

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ चा. वडील गंगाधरशास्त्री विद्वान होते, त्यामुळे सुरुवातीची तालीम घरातच झाली. १८२५ च्या सुमारास, रेल्वे नसलेल्या त्या काळात, हा मुलगा कोकणातून मुंबईला गेला. तिथे बापू छत्र्यांच्या आधाराने शिकला. संस्कृत आणि इंग्रजीबरोबर फारसी, गुजराती, बंगाली अशा भाषाही त्याने आत्मसात केल्या. विशीत 'दर्पण' काढलं, तेही एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर देऊन. १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात ते पहिले हिंदी असिस्टंट प्रोफेसर झाले. कुलाबा वेधशाळेचं कामही त्यांनी पाहिलं.

गणित इंग्रजीत शिकवून ते थांबले नाहीत. शून्यलब्धी, म्हणजे डिफरन्शियल कॅल्क्युलस, या अवघड विषयावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं. आज कॉलेजात हा विषय आला की मुलं बिचकतात. त्याची पहिली पायरी मात्र आठवी-नववीतच असते, ती म्हणजे घातांकाचे नियम. क्ष चा तिसरा घात दिला, तर शून्यलब्धीत ३ हा आकडा पुढे येतो आणि घात एकने कमी होऊन दुसरा उरतो. घातांक कच्चे राहिले तर पुढे सगळंच अडतं.

हे नियम पाठ करण्यापेक्षा समजून घेतले तर सोपे आहेत. ३ चा सातवा घात म्हणजे ७ वेळा ३ घेऊन गुणाकार. त्याला ३ च्या पाचव्या घाताने गुणलं, की ३ एकूण १२ वेळा येतो. म्हणून पाया सारखा असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते. आता त्याला ३ च्या दहाव्या घाताने भागा. दहा वेळचे ३ कटतात, दोन उरतात. उत्तर ९. हाच हिशोब लांबून केला तर २१८७ ला २४३ ने गुणून ५,३१,४४१ काढा, मग त्याला ५९,०४९ ने भागा. उत्तर तेच, पण मेहनत केवढी! आणि घातावर घात असेल तर घातांकांचा गुणाकार.

या इल्मशी आपलं नातं जुनं आहे. इंग्रजीतला 'अल्जिब्रा' हा शब्दच अल्-ख्वारिज्मीच्या ग्रंथातल्या 'अल्-जब्र' वरून आला. बाराव्या शतकात बगदादच्या अस्-समवअलने 'अल्-बाहिर' हा ग्रंथ वयाच्या एकोणिसाव्या वर्षी लिहिला. त्यात घातांकांच्या बेरजेचा हा नियम त्याने तक्ता मांडून समजावला, अगदी शून्याच्या खालच्या, म्हणजे ऋण घातांकांसाठीसुद्धा. ज्ञान अरबीत आलं, तिथून युरोपात गेलं. कोकणातल्या एका शिक्षकाने त्याची पुढची पायरी मराठीत आणून ठेवली.

१८४० मध्ये बाळशास्त्रींनी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केलं. त्यातून भूगोल, विज्ञान, गणित असे विषय ते मराठी वाचकांना समजावत राहिले. मे १८४६ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं ३४.

एवढ्याशा आयुष्यात त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली: अवघड गणितही घरच्या भाषेत सांगता येतं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या आपल्या घरांत आज एखादी मुलगी घातांकाच्या गणितावर अडून बसली असेल, तर तिला नियम घोकायला लावू नका. शेजारी बसा, ३ किती वेळा आला ते तिच्याकडून मोजून घ्या. नियम तिला आपोआप सापडेल.