पंडिता रमाबाई

दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला होता. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणाऱ्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबास अन्नाचा कण मिळेना. ते गेले; मागोमाग पत्नी व थोरली मुलगीही गेली. उरली ती धाकटी रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. मुलांनो, भूक म्हणजे काय, हे रमेस पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा अनेक स्वकीय दुरावले. विधवांसाठी १८८९ साली काढलेल्या शारदासदनावरही टीकेचा भडिमार झाला.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच रमाबाई तिकडे धावल्या. तेथून आणलेल्या शेकडो निराधार मुलींना त्यांनी केडगावच्या आपल्या शेतावर आश्रय दिला. तेच मुक्तिसदन. तेथे आधी पोटभर अन्न, मग अक्षरओळख, मग विणकाम, शेती आणि छापखान्यातील खिळे जुळविणे. एवढा व्याप सांभाळून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. ते भाषांतर पुढे मुक्तिसदनाच्याच छापखान्यात छापले गेले.