हकीम होण्याआधीचे इब्ने सीना

बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावी इ. स. 980 च्या सुमारास जन्मलेले इब्ने सीना हकीम म्हणून जगाला ठाऊक आहेत. पण वैद्यकाची किताब हातात घेण्याआधी हा मुलगा काय काय शिकला, ते बघा. दहाव्या वर्षी कुरआन पूर्ण. मग वालिदांनी भारतीय अंकगणित शिकायला पाठवलं, तेही एका भाजीवाल्याकडे! आज आपल्यात कुणी असं केलं तर लोक नाक मुरडतील. फिकह इस्माईल जाहिद यांच्याकडे, तर्कशास्त्र घरी राहायला आलेल्या नातिलींकडे. युक्लिडच्या भूमितीतली पहिली पाच-सहा प्रमेयं उस्तादांनी सांगितली, बाकीची त्याने स्वतःच सोडवली.

वैद्यक त्यानंतर आलं आणि ते त्याला अवघड वाटलं नाही. माझ्या मते पाया आधीच पक्का झाला होता म्हणून. तरी नुसत्या किताबांवर तो थांबला नाही. रुग्ण बघू लागला, आणि किताबात न सापडणारे इलाज तिथे कळले. तेव्हा वय सोळा, आणि फिकहचा अभ्यासही सुटला नव्हता.

पुढे बुखाऱ्याचे अमीर नूह बिन मन्सूर आजारी पडले, तेव्हा दरबारच्या हकिमांबरोबर त्यालाही बोलावणं आलं. अमिरांकडे या पोराने मागितलं काय, तर शाही कुतुबखान्यात बसून वाचायची परवानगी.