मोकळ्या कंठाचा माणूस

मनातले बोलायचे राहून गेले की मराठी माणूस गळ्याची भाषा बोलतो. शब्द गिळला, आवंढा गिळला, अगदी घशाशी आले होते पण बोललो नाही. नव्याने सासरी आलेल्या सुनेपासून साहेबापुढे उभ्या असलेल्या कारकुनापर्यंत हा अनुभव सगळ्यांचा. योगशास्त्रानेही या जागेची दखल फार पूर्वी घेतली आहे. शरीरात कल्पिलेल्या सहा चक्रांपैकी मूलाधारापासून पाचवे चक्र कंठाशी मानले जाते. त्याचे नाव विशुद्ध. सोळा पाकळ्यांचे कमळ, एकेका पाकळीवर 'अ'पासून 'अः'पर्यंतचा एकेक स्वर, तत्त्व आकाश आणि आकाशाचा गुण शब्द. शस्त्रक्रियेत सापडेल असा हा अवयव नव्हे; ध्यानासाठी मांडलेली ती आकृती आहे. पण नाव मात्र विचार करायला लावते. वाणीच्या या जागेला गोड किंवा प्रभावी असे नाव कोणी दिले नाही. ती शुद्ध असावी, एवढीच अपेक्षा नावात दिसते.

हे चक्र संतुलित राहावे म्हणून योगवर्गात भ्रामरी शिकवतात, 'हं' या बीजाक्षराचा जप करून घेतात. त्याने मन शांत होत असेल तर उत्तमच. पण खरे बोलण्याची किंमत काय पडते आणि त्यात तोल कसा सांभाळायचा, हे जाणून घ्यायचे तर एखादे आयुष्य पाहावे लागते. महाराष्ट्रात असे एक आयुष्य होऊन गेले, गोपाळ गणेश आगरकरांचे. चक्राबिक्राचे नाव काढले असते तर त्यांनी आधी पुरावा मागितला असता! शिवाय त्यांना दम्याचा विकार होता. श्वास अडत होता, पण शब्द अडला नाही.

१४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी इतकी, की शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करावी लागली. अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनींसारख्या शिक्षकाचा आधार मिळाला आणि मुलगा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचला. तिथे अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. मिल आणि स्पेन्सर त्यांनी वाचले ते याच दिवसांत. प्रत्येक रूढीला कारण विचारायची सवय लागली, ती कायमची.

मुलगा शिकला, आता मोठ्या पगाराची नोकरी धरील आणि घराचे दैन्य फिटेल, ही आईची आशा. तिला गोड थापा देऊन वेळ मारून नेणे सोपे होते. आगरकरांनी तिला पत्र लिहून सरळ कळवले, की पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण सगळा वेळ लोकांच्या कामी घालवणार आहोत. बाहेरच्या जगाशी परखड बोलणारे पुष्कळ असतात. ज्या माणसाचे मन मोडेल त्याच्याशीच खरे बोलणे फार अवघड.

डेक्कन कॉलेजातच बळवंतराव टिळक भेटले. दोघांनी मिळून देशाचे बेत केले, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये कामाला लागले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. वर्षभरातच कसोटीची वेळ आली. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे, असे सांगणारी काही पत्रे हाती आली. त्यांच्या आधारे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कडक लिखाण झाले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांना १८८२ मध्ये चार महिन्यांची सजा झाली. प्रत्यक्षात मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

हेतू शुद्ध होता, आवाज बुलंद होता, पण आधार कच्चा निघाला. बोलण्याच्या धैर्याइतकीच खरे-खोटे पारखण्याची सावधगिरी हवी, हा धडा त्या १०१ दिवसांत आहे. तुरुंगातल्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे त्यांनी केलेले भाषांतर 'विकारविलसित' या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. मनातले उघड बोलता येत नाही म्हणून आतल्या आत कुढणारा तो राजपुत्र! त्याची कथा मराठीत यावी ती या मोकळ्या माणसाच्या हातून, हा योग मोठा विलक्षण आहे.

पुढचा संघर्ष जवळच्या माणसाशी होता. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या प्रश्नावर दोघा मित्रांचे मार्ग फुटू लागले. 'केसरी' हे सगळ्या मंडळींचे पत्र. बहुमत एकीकडे आणि संपादकाचे मत दुसरीकडे, अशी ओढाताण सुरू झाली. जे पटत नाही ते आपल्या पत्रातून जावे आणि जे पटते ते मनात ठेवावे, ही घुसमट आगरकरांना सोसली नाही. १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, स्वतःचे 'सुधारक' काढले. इंग्रजी बाजू सांभाळायला तरुण गोपाळ कृष्ण गोखले होते.

'सुधारक'ने पुण्याची झोप उडवली. बालविवाह, विधवांचे केशवपन, सोवळे-ओवळे, बायकांचा पोशाख, मुलामुलींना एकत्र आणि एकच शिक्षण... ज्या विषयांवर घरात कुजबुजही होत नसे, ते विषय छापील अक्षरांत चव्हाट्यावर आले. लोक खवळले. जिवंतपणी आगरकरांची प्रेतयात्रा काढली गेली. कॉलेजात शिकवणाऱ्या, दम्याने रात्र रात्र उठून बसणाऱ्या या माणसाने तेही पाहिले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लेखणी उचलली.

पण याच माणसाचे घर पाहिले की तोल म्हणजे काय ते कळते. पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, देवधर्म करणाऱ्या. साऱ्या महाराष्ट्राला बुद्धिवाद सांगणाऱ्या नवऱ्याने बायकोवर मात्र आपली मते लादली नाहीत. लोकांचे डोळे उघडायला लेख लिहिले. घरात तिच्या श्रद्धेला तिची जागा दिली. नाही तर बाहेर मवाळ आणि घरात जमदग्नी, अशीच माणसे आपण अधिक पाहतो. आपल्याला बोलण्याचा हक्क हवा असेल तर समोरच्यालाही त्याच्या मनासारखे वागण्याचा हक्क द्यावा लागतो, हे आगरकरांनी संसारात पाळले.

सगळीकडेच हा तोल साधला असे मात्र नाही. टिळकांशी झालेल्या वादात दोन्ही बाजूंनी फार कडू लिहिले गेले. तत्त्वाच्या भांडणात माणसे दुखावली. १८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि एकेकाळचे जिवलग दोन टोकांना गेले. खरे बोलणे आणि बोचणारे बोलणे यांतली रेघ किती पुसट असते, हे त्या काळचे अंक चाळताना जाणवते.

१८९२ मध्ये वामन शिवराम आपट्यांच्या निधनानंतर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. पण शरीर थकत चालले होते. अखेरच्या आजारात टिळक त्यांना भेटून गेले, असे सांगतात. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. वयाची ३९ वर्षे पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. त्यांच्या मागे एक पुडी सापडली. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी पैसे बांधून ठेवले होते. आणि 'केसरी'साठी मृत्युलेख लिहायला बसलेल्या टिळकांच्या डोळ्यांचे पाणी खळत नव्हते. इतकी वर्षे भांडणात अडकून राहिलेले प्रेम असे वाट काढून बाहेर आले. पण ते ऐकायला मित्र उरला नव्हता.

आपल्यापैकी कोणाची प्रेतयात्रा निघणार नाही आणि कोणाला तुरुंगातही जावे लागणार नाही. आपले न बोललेले शब्द साधेच असतात. मुलाला वडिलांशी, सुनेला सासूशी, भावाला भावाशी काही सांगायचे असते. ते खरे आहे ना, हे आधी पारखावे, समोरच्याचा मान ठेवावा आणि मग बोलून टाकावे. रागाचे शब्द आपण सहज बोलून जातो. मायेचे शब्दही वेळेवर बोलावेत. मृत्युलेख लिहिण्याची पाळी येईपर्यंत थांबू नये.